मुलांच्या तीव्र अपस्मारावर जीन थेरपी: सुरुवातीचं संशोधन कसं वाचावं आणि चाचणीची तयारी कशी करावी

एकाच जनुकात दोन उलट प्रकारचे बिघाड होऊ शकतात. एका मुलाला जे औषध तारेल, त्यानेच दुसऱ्याच्या फिट्स वाढू शकतात, जरी दोघांच्याही अहवालावर जनुकाचं नाव तेच असलं तरी. म्हणून जीन थेरपीची बातमी वाचली, की दवाखान्यांचे पत्ते शोधण्याआधी मुलाचा जनुकीय अहवाल काढून समोर ठेवा. पुढचं सगळं त्या कागदापासून सुरू होतं.

हे मार्गदर्शन मुख्यतः ड्रावे सिंड्रोम, म्हणजे एससीएन१ए जनुकातल्या बिघाडाने तान्हेपणी सुरू होणारा तीव्र अपस्मार, डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण सर्वांत जास्त काम तिथेच झालं आहे. एसटीएक्सबीपी१, सीडीकेएल५, एससीएन२ए, केसीएनटी१ अशा इतर जनुकांमुळे होणाऱ्या अपस्मारालाही बहुतेक पायऱ्या लागू पडतात.

अहवाल कसा वाचायचा

आधी जनुकाचं नाव पाहा, मग बदलाचं वर्णन. ‘सी’ आणि टिंबाने सुरू होणारा भाग डीएनएमध्ये कुठलं अक्षर बदललं ते सांगतो. ‘पी’ आणि टिंबाने सुरू होणारा भाग त्यामुळे प्रथिनात काय झालं ते सांगतो. ‘पी’च्या भागात तारा किंवा ‘टर’ असेल, तर प्रथिन मध्येच तुटतं. ‘एफएस’ असेल तर वाचनाची चौकट सरकली आहे, आणि परिणाम बहुधा तोच. दोन अमिनो आम्लांची नावं आणि मध्ये आकडा असेल, तर एकाच्या जागी दुसरं आलं आहे. या तिसऱ्या प्रकाराला मिसेन्स म्हणतात आणि सगळी गुंतागुंत इथेच असते. तुटलेल्या प्रथिनाने काम कमी होणार हे सरळ आहे. मिसेन्स बदलाने मात्र काम कमी होऊ शकतं, वाढू शकतं, किंवा काहीच न होऊ शकतं.

त्यानंतर वर्गवारी पाहा. प्रयोगशाळा बदलाला पाचपैकी एका वर्गात टाकते: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. चाचण्यांना साधारणपणे पहिल्या दोन वर्गांतलाच बदल लागतो. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असेल तर आई-वडिलांची तपासणी झाली आहे का ते विचारा. दोघांमध्येही तो बदल नसेल, म्हणजे मुलात तो नव्याने झाला असेल, तर वर्ग वर सरकायला मोठी मदत होते. ड्रावेमध्ये बहुतेक बदल असे नव्यानेच झालेले असतात. तरी आई किंवा वडिलांच्या काही पेशींमध्येच तो बदल असू शकतो, आणि साध्या तपासणीत तो निसटतो. पुढच्या मुलाचा विचार असेल तर हे जनुकीय समुपदेशकाशी नक्की बोला.

अहवालात काहीच सापडलं नाही आणि लक्षणं तर हुबेहूब ड्रावेची आहेत, असं झालं तर पूर्ण जनुक किंवा त्याचा मोठा तुकडा गळाला आहे का, हे वेगळं तपासलं होतं का ते पाहा. एकेक अक्षर वाचणाऱ्या तपासणीत असा गळालेला तुकडा दिसेलच असं नाही. त्यासाठी एमएलपीए किंवा तत्सम पद्धत लागते.

काम कमी की जास्त: हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका

एससीएन१ए हे जनुक एनएव्ही१.१ नावाचा सोडियम चॅनेल बनवतं. मेंदूत आवर घालणाऱ्या, म्हणजे इतर पेशींना शांत ठेवणाऱ्या पेशींना हा चॅनेल फार लागतो. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. ड्रावेमध्ये एक प्रत निकामी असते, चॅनेल निम्मेच बनतात, आवर घालणाऱ्या पेशी थकतात आणि बाकीचा मेंदू बेलगाम होतो. कार्बामॅझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइन ही सोडियम चॅनेल अडवणारी औषधं ड्रावेत फिट्स का वाढवतात, तेही यातून कळतं: आधीच कमी असलेला चॅनेल ती आणखी दाबतात.

मात्र एससीएन१एचे काही मिसेन्स बदल चॅनेलचं काम वाढवतात किंवा त्याची उघडझाप बिघडवतात. २२६ व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन येणं हे याचं ओळखीचं उदाहरण. अशा मुलांना फिट्स तीन महिन्यांच्या आतच सुरू होतात आणि हातापायांच्या अनावर हालचालीही असतात. ड्रावेतली पहिली फिट बहुधा पहिल्या वर्षाच्या मध्यावर येते, अनेकदा तापात किंवा लसीनंतरच्या तापात, लांबते, आणि कधी अंगाच्या एकाच बाजूला येते. एससीएन१एचं उत्पादन वाढवणारी थेरपी ड्रावेच्या मुलाला उपयोगी पडू शकते. काम वाढलेल्या मुलाला ती देणं म्हणजे आगीत तेल.

एससीएन२एमध्ये हाच भेद वयावरून बऱ्यापैकी ओळखता येतो. तीन महिन्यांच्या आत सुरू झालेल्या फिट्समागे बहुधा वाढलेलं काम असतं आणि सोडियम चॅनेल अडवणारी औषधं तिथे उपयोगी पडतात. त्यानंतर सुरू झालेल्या फिट्समागे बहुधा घटलेलं काम असतं. ‘बहुधा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. खात्रीसाठी प्रयोगशाळेत त्या बदलाचा चॅनेल पेशीत बसवून त्यातून जाणारा विद्युतप्रवाह मोजतात. तुमच्या मुलाच्या बदलावर असं मोजमाप आधीच झालेलं आहे का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे.

जीन थेरपी म्हणजे नेमकं काय दिलं जातं

बातम्यांत सगळ्यालाच जीन थेरपी म्हणतात. प्रत्यक्षात दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, आणि पालकांच्या निर्णयात हाच फरक सर्वांत जड असतो.

पहिली वस्तू विषाणूच्या कवचातून दिलेलं जनुक. एएव्ही हा आजार न करणारा विषाणू, त्यातही मेंदूसाठी बहुधा एएव्ही९, आतून रिकामा करून त्यात हवा तो डीएनए भरतात. तो एकदाच देतात आणि परत काढता येत नाही. अडचण जागेची आहे. एएव्हीच्या कवचात सुमारे ४,७०० अक्षरं मावतात. एनएव्ही१.१ मध्ये सुमारे २,००० अमिनो आम्लं आहेत, म्हणजे नुसता त्याचा मजकूरच ६,००० अक्षरांचा, वर तो चालू-बंद करणारा भाग वेगळा. ‘चांगलं जनुक घालून टाका’ ही सोपी वाटणारी कल्पना ड्रावेत इथेच अडते.

त्यावर वेगवेगळ्या वाटा काढल्या गेल्या. ईटीएक्स१०१ या उपचारात जनुक देतच नाहीत. मुलाच्या चांगल्या प्रतीला जास्त काम करायला लावणारा, प्रयोगशाळेत घडवलेला नियंत्रक देतात. त्याच्यापुढे असा स्विच जोडलेला असतो, की तो मुख्यतः आवर घालणाऱ्या पेशींतच चालू व्हावा. एएव्ही९ मधून तो थेट मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत सोडतात. माणसांवरच्या चाचण्या अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात आहेत आणि पहिले डोस २०२४ मध्ये दिले गेले. दुसऱ्या वाटेने जनुकाचे दोन तुकडे दोन कवचांतून पाठवतात आणि प्रथिनाचे दोन भाग पेशीत आपोआप सांधले जातात. यात दोन्ही कवचं एकाच पेशीत पोचावी लागतात, म्हणून एकूण विषाणूचा डोस वाढतो. तिसरी वाट मोठ्या पोटाच्या ॲडेनोविषाणूची. शेवटच्या दोन्ही वाटांचं प्रकाशित काम उंदरांवरचं आहे.

दुसरी वस्तू एएसओ, म्हणजे आरएनएला (जनुकावरून उतरवलेल्या संदेशाला) चिकटणारा छोटा कृत्रिम धागा. हा काटेकोर अर्थाने जीन थेरपी नाही, कारण तो जनुक बदलत नाही आणि काही महिन्यांत त्याचा असर उतरतो. तो कमरेतून, मणक्यातल्या पाण्यात, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. ड्रावेसाठीच्या झोरेव्हुनरसेनची युक्ती सुरेख आहे. एससीएन१एच्या संदेशात कधी कधी एक नको असलेला तुकडा शिरतो आणि तो संदेश पेशी फाडून टाकते. निरोगी माणसातही हे घडतं. हा धागा तो तुकडा शिरू देत नाही, त्यामुळे चांगल्या प्रतीचे वाया जाणारे संदेश वाचतात आणि प्रथिन वाढतं. २०२५ मध्ये त्याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. वाढलेलं काम कमी करण्यासाठीही एएसओ वापरतात. एससीएन२एसाठीचं एल्सुनरसेन त्या प्रकारचं आहे.

निर्णयाच्या दृष्टीने एवढं धरून ठेवा. एएसओ चुकला तर पुढचा डोस थांबवता येतो. एएव्ही एकदा गेला की शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, आणि दोन वर्षांनी त्याहून चांगला उपचार त्याच प्रकारच्या कवचातून आला तर तो या मुलाला बहुधा देता येणार नाही. पहिल्या टप्प्यातला कमी डोस मिळालेल्या मुलांच्या बाबतीत हे फार टोचतं: डोस अपुरा ठरला तरी दुसरी संधी जवळपास संपलेली असते.

उंदरांवरचा अभ्यास वाचताना

‘उंदरांचे प्राण वाचले’ हे वाक्य खरं असतं, पण त्याच्या मागे चार गोष्टी तपासा.

उंदराची जात. एससीएन१एची एक प्रत काढलेले उंदीर १२९ या जातीत जवळपास सामान्य आयुष्य जगतात. तोच बदल बी६ जातीशी संकर केलेल्या उंदरात असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून फिट्स सुरू होतात आणि बरेच उंदीर लहानपणीच मरतात. बदल तोच असून जातीने एवढा फरक पडतो. म्हणून तुलना एकाच विणीतल्या, उपचार न मिळालेल्या भावंडांशी केली आहे ना ते पाहा.

उपचाराचं वय. बहुतेक प्रयोगांत जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत, फिट्स सुरू व्हायच्या आत, इंजेक्शन देतात. मुलाचं निदान होईपर्यंत मात्र अनेक लांब फिट्स होऊन गेलेल्या असतात. फिट्स सुरू झाल्यानंतर उपचार दिलेला एखादा गट असेल, तर त्या गटाचे आकडे सर्वांत आधी वाचा. पालकांच्या कामाचे तेच.

कशाशी तुलना. नुसतं मिठाचं पाणी दिलेला गट पुरत नाही. तेच कवच पण आत निरुपयोगी डीएनए, असाही गट हवा. कवचाचा स्वतःचा परिणाम तेव्हाच वेगळा निघतो.

आणि काय मोजलं. तापाच्या चाचणीत उंदराचं तापमान पायरीपायरीने वाढवत नेतात आणि कितव्या अंशावर फिट येते ते नोंदवतात. हा उंबरठा अर्ध्या-एक अंशाने वर गेला तरी आकडेशास्त्राच्या दृष्टीने निकाल ठळक दिसतो. आपोआप येणाऱ्या फिट्स व्हिडिओ आणि ईईजीवर चोवीस तास मोजल्या असतील तर तो पुरावा जास्त वजनदार. मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं, असं लिहिलं आहे का तेही पाहा.

माकडांवरच्या अभ्यासातून आजार बरा होतो का हे कळत नाही, कारण त्यांना तो आजारच नसतो. तिथे औषध मेंदूत कुठवर पोचलं आणि काय इजा झाली तेवढंच पाहायचं. मणक्याजवळच्या संवेदी गाठींना, म्हणजे डॉर्सल रूट गँग्लियाला, होणारी इजा एएव्ही दिलेल्या माकडांमध्ये वारंवार दिसली आहे. त्या ओळीवर बोट ठेवून वाचा.

डोसचे आकडे

एएव्हीचा डोस ‘वेक्टर जीनोम’मध्ये, म्हणजे डीएनए भरलेल्या कवचांच्या संख्येत, मोजतात. शिरेतून देताना तो वजनावर ठरतो. पाठीच्या कण्यातल्या स्नायुशोषाच्या आजारासाठी २०१९ मध्ये मान्यता मिळालेल्या एएव्ही९ उपचाराचा डोस किलोमागे १.१ गुणिले १० चा १४ वा घात इतका आहे. १० किलोच्या मुलाला म्हणजे एकूण १.१ गुणिले १० चा १५ वा घात. मेंदूच्या पाण्यात देताना डोस बहुधा एकूण आकड्यात किंवा मेंदूच्या आकारमानानुसार ठरवतात. म्हणून दोन चाचण्यांच्या डोसची तुलना करताना आधी मार्ग आणि एकक जुळवा. त्यातही प्रयोगशाळांच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असतात, त्यामुळे कागदावर दुप्पट दिसणारा डोस प्रत्यक्षात तेवढा नसू शकतो.

चाचणीची नोंद वाचताना काय शोधावं

पहिल्या आणि पहिल्या-दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा असतो. नोंदीत ‘मुख्य निष्पत्ती’ या शीर्षकाखाली काय लिहिलं आहे ते वाचा. तिथे ‘गंभीर दुष्परिणामांचं प्रमाण’ असेल आणि फिट्स दुय्यम यादीत असतील, तर चाचणी कशासाठी आहे ते स्पष्ट झालं. चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत नाव असणं म्हणजे सरकारने उपचार तपासून मान्य केला असं नाही. नोंद आयोजक स्वतः भरतात.

वयाची अट, जनुकाची अट आणि नकाराची कारणं या तीन जागा ओळ न ओळ वाचा. वय बहुधा डोसच्या दिवशीचं धरतात, अर्जाच्या दिवशीचं नाही. तपासण्यांना आणि आधारकाळाला, म्हणजे उपचाराआधी फिट्स मोजण्याच्या काळाला, काही महिने जातात, तेवढ्यात मूल वयाबाहेर जाऊ शकतं. नकाराच्या कारणांत बहुधा हे असतं: काम वाढवणारा बदल, दुसऱ्या जनुकातला रोगकारक बदल, आधी घेतलेली जीन थेरपी, डोक्यात बसवलेला शंट (साचलेलं पाणी काढणारी नळी), यकृताचे वाढलेले आकडे, आणि सोडियम चॅनेल अडवणारी औषधं चालू असणं.

एखाद्या केंद्राने प्रायोगिक औषधासाठीच मोठी रक्कम मागितली, चाचणीचा नोंदणी क्रमांक दिला नाही, किंवा कुठल्याही जनुकाच्या मुलाला एकच ‘पेशी उपचार’ चालेल असं सांगितलं, तर तिथून निघा.

फिट्सची वही: सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे

चाचणीत मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या फिट्सशी करतात. आधारकाळ साधारण चार ते आठ आठवड्यांचा असतो आणि तेवढ्या काळात औषधं स्थिर ठेवावी लागतात. वही कच्ची असेल तर मूल अपात्र ठरू शकतं, किंवा त्याहून वाईट, निकाल चुकीचा निघतो.

प्रत्येक फिटसाठी तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, प्रकार, ताप किती होता, तातडीचं औषध दिलं का आणि कितव्या मिनिटाला, एवढं लिहा. प्रकारासाठी वैद्यकीय नाव आठवत बसू नका. ‘डावा हात आणि डावा पाय झटकत होता, डोळे डावीकडे’ हे वर्णन ‘मोठी फिट’पेक्षा कितीतरी उपयोगी. मोजता येणाऱ्या हालचालीच्या फिट्स वेगळ्या लिहा. क्षणिक दचके आणि शून्यात पाहणं हे वेगळ्या रकान्यात, कारण ते खात्रीने मोजता येत नाहीत आणि बहुतेक चाचण्यांच्या मुख्य मोजणीत धरत नाहीत. एकामागून एक आल्या तर मधे मूल पूर्ण भानावर आलं होतं का ते लिहा. एक धरायची की तीन, ते त्यावर ठरतं.

फिट आली नाही त्या दिवशी शून्य लिहा. रिकामी जागा आणि शून्य यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा आधारकाळाच्या ५६ दिवसांत २४ फिट्स झाल्या. २८ दिवसांना १२. उपचारानंतर ११२ दिवसांत २८ फिट्स नोंदल्या, पण १४ दिवस वही भरलीच नाही. ११२ ने भागलं तर २८ दिवसांना ७, म्हणजे ४२ टक्के घट. खऱ्या नोंदीच्या ९८ दिवसांनी भागलं तर ८, म्हणजे ३३ टक्के. विसरलेल्या चौदा दिवसांनी औषध आहे त्यापेक्षा चांगलं दाखवलं.

व्हिडिओ घेताना पूर्ण अंग दिसेल इतकं दूर उभं राहा, पांघरूण काढा, दिवा लावा, मुलाला धरून ठेवू नका, आणि मुलाचं नाव घेऊन हाक मारा म्हणजे प्रतिसाद कळतो. फिट पाच मिनिटांकडे गेली तर फोन बाजूला ठेवून ठरलेलं तातडीचं औषध द्या.

निकाल वाचतानाही हीच शिस्त लावा. पालक चाचणीत बहुधा फिट्स खूप वाढलेल्या काळातच येतात, आणि त्यानंतर त्या थोड्या कमी होणं हे उपचाराविनाही घडतं. ड्रावेतल्या फेनफ्लुरामिन या औषधाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध नसलेला द्रव घेणाऱ्या गटातही फिट्सची मध्यक घट (निम्म्या मुलांत याहून जास्त, निम्म्यांत कमी) १९.२ टक्के होती, किलोमागे ०.७ मिलिग्रॅम घेणाऱ्या गटात ती ७४.९ टक्के होती. तुलनेचा गट नसलेल्या सहा-सात मुलांच्या चाचणीतले आकडे वाचताना ते १९ टक्के आठवा. झोरेव्हुनरसेनच्या तिसऱ्या टप्प्यात एका गटाला कमरेवर फक्त टोचल्यासारखी कृती करतात, औषध देत नाहीत. पालकांना हे निर्दय वाटू शकतं, पण औषधाचा खरा असर वेगळा काढायला हाच मार्ग आहे.

डोसच्या आधीचे महिने

एएव्हीविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात तपासतात. ती नैसर्गिक संसर्गातूनही येतात, आणि तान्ह्या बाळात आईकडून आलेली असू शकतात, जी काही महिन्यांत ओसरतात. मर्यादा प्रत्येक चाचणीची वेगळी असते, त्यामुळे एका ठिकाणी नकार मिळाला तर तो आकडा लिहून घ्या. एएव्ही उपचार घेतलेल्या दुसऱ्या मुलाच्या शी-शूमधून विषाणूचे कण काही आठवडे बाहेर पडतात. घरात असं भावंड असेल तर लंगोट बदलताना हातमोजे आणि साबण यांत ढिलाई नको.

लसींचं वेळापत्रक आधीच मांडा. एएव्हीसोबत स्टेरॉइड्स आठवडे-महिने द्यावी लागतात, आणि जास्त डोसची स्टेरॉइड्स चालू असताना गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत लसी देता येत नाहीत. ड्रावेच्या मुलाला लसीच्या तापाने फिट येऊ शकते हे खरं, पण म्हणून लस टाळून स्टेरॉइड्सच्या काळात गोवर होऊ देणं जास्त धोक्याचं आहे. तापाची योजना ठरवून लस पूर्ण करा.

आता औषधांची यादी. एएव्हीनंतर यकृताचे आकडे वाढू शकतात आणि प्लेटलेट्स घसरू शकतात. व्हॅलप्रोएट या अपस्माराच्या औषधानेही नेमकं हेच होतं, आणि व्हॅलप्रोएटसोबत कॅनाबिडिऑल असेल तर यकृताचे आकडे वाढण्याची शक्यता आणखी जास्त. डोसनंतर दोष कुणाचा हे ओळखता यावं म्हणून आधीच्या काही महिन्यांतले किमान दोन-तीन अहवाल हाताशी ठेवा. स्टिरिपेंटॉल आणि कॅनाबिडिऑल क्लोबझॅमचा असर वाढवतात. त्यामुळे आलेली गुंगी उपचाराचा दुष्परिणाम समजली जाऊ शकते. यातलं काहीही चाचणीत बसावं म्हणून स्वतःहून बंद किंवा कमी करू नका. अपस्माराचं औषध अचानक थांबवलं तर न थांबणारी फिट येऊ शकते.

स्टेरॉइड्सच्या काळात भूक, चिडचिड, झोपमोड, रक्तदाब या गोष्टी वाढतात, आणि झोपमोड स्वतःच फिट आणते. गोळी उलटून पडली तर किती वेळात परत द्यायची, हे लेखी विचारून घ्या. बरं वाटतंय म्हणून ती अचानक थांबवणं जीवघेणं ठरू शकतं. डोस उतरवताना यकृताचे आकडे पुन्हा वर जाऊ शकतात, म्हणून त्या आठवड्यांतली एकही रक्ततपासणी चुकवू नका.

काय काय चुकलं आहे

हे वाचणं जड जातं, तरी संमतीआधी वाचायलाच हवं. २०२० मध्ये अँजेलमन सिंड्रोम या दुसऱ्या जनुकीय आजाराच्या एएसओ चाचणीत पाचही मुलांच्या पायांत अशक्तपणा आला. मणक्यात जिथे औषध दिलं तिथे दाह झाला होता. मुलं सावरली, डोस आणि देण्याची पद्धत बदलून चाचणी पुढे गेली. केसीएनटी१साठी खास बनवलेल्या एएसओने दोन मुलांच्या मेंदूत पाणी साचलं. २०२४ मध्ये रेट सिंड्रोम या आणखी एका जनुकीय आजाराच्या एएव्ही चाचणीत ३ गुणिले १० चा १५ वा घात या वरच्या डोसवर प्रतिकारशक्ती बेफाम होऊन एका रुग्णाचा मृत्यू झाला. तो डोस बंद करून १ गुणिले १० चा १५ वा घात या डोसवर काम चालू राहिलं. २०२५ मध्ये एसटीएक्सबीपी१साठी शिरेतून दिलेल्या नव्या कवचाच्या चाचणीत उपचार मिळालेलं पहिलंच मूल दगावलं.

यातून घरी लक्ष ठेवायच्या खुणा ठरतात: न उतरणारा ताप, वाढती गुंगी, वारंवार उलट्या, डोक्याचा घेर वाढणं किंवा टाळू फुगणं, चालणाऱ्या मुलाने पाय ओढणं, अंगावर जांभळे ठिपके, लघवी कमी किंवा गडद होणं. ड्रावेच्या मुलात ताप आणि गुंगी नेहमीच्याच वाटतात, म्हणून डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ‘नेहमीचंच आहे’ असं ठरवण्याचा अधिकार चाचणीच्या डॉक्टरांना द्या, स्वतःकडे ठेवू नका.

संमतीपत्रावर सही करण्याआधी

उत्तरं लेखी मागा. याआधी किती मुलांना हा डोस दिला आणि शेवटच्या मुलाला देऊन किती दिवस झाले? दोन मुलांमध्ये किती अंतर ठेवता? कुठलं लक्षण दिसलं की चाचणी थांबते, आणि तो निर्णय आयोजकांपासून स्वतंत्र समिती घेते का? आमचं मूल कुठल्या डोसच्या गटात येईल? रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल, आणि आमच्या जवळच्या दवाखान्याला कुठला कागद दाखवायचा? इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करेल आणि किती काळ? कंपनीने काम बंद केलं तर पुढची तपासणी कोण करेल? एएव्हीसाठी अमेरिकी औषध प्रशासनाची सूचना पाच वर्षांपर्यंत पाठपुराव्याची आहे; तेवढी वर्षं येणं-जाणं जमेल का, हे घरात आधी बोला. एएसओ असेल तर वर्षाकाठी किती वेळा कमरेतून टोचणार, दर वेळी भूल लागणार का, मणक्यातल्या पाण्यातलं प्रथिन वाढलं तर काय करणार, आणि चाचणी संपल्यावर औषध मिळत राहणार का, हे विचारा. काही संमतीपत्रांत मूल दगावल्यास शवविच्छेदनाची विनंती असते. ती ओळ सहीच्या टेबलावर पहिल्यांदा दिसू नये, म्हणून पत्र आधी घरी न्या आणि दोन वेगळ्या दिवशी वाचा.

सही केल्यावरही डोसच्या क्षणापर्यंत नाही म्हणता येतं आणि त्यानंतर पाठपुराव्यातूनही बाहेर पडता येतं. एएव्ही मात्र तेव्हा शरीरातच राहतो.

मूल बसत नसेल तर

नकाराचं नेमकं कारण लेखी घ्या: वय, बदल, प्रतिपिंडं की औषधं. औषध किंवा प्रतिपिंडांमुळे आलेला नकार दुसऱ्या चाचणीत लागू असेलच असं नाही. ‘अर्थ अनिश्चित’ असलेला अहवाल दर एक-दोन वर्षांनी पुन्हा तपासायला सांगा. जगभर नव्या नोंदी पडत असतात आणि वर्ग बदलतो. त्यासाठी मूळ डेटाची फाइल प्रयोगशाळेकडून मागून ठेवा, नुसता छापील अहवाल पुरत नाही. उपचार न देता फक्त आजाराची वाटचाल नोंदवणारे अभ्यास सुरू असतात, त्यात नाव घाला. तुलनेचा गट मिळणं अवघड असलेल्या या छोट्या चाचण्यांना त्याच नोंदी आधार देतात, आणि पुढची चाचणी उघडली की बोलावणं आधी त्याच यादीतून जाण्याची शक्यता असते. वही चालू ठेवा, रोजच्या शून्यासकट.